नीट वाकता येईपर्यंत

कापसाच्या बोळ्याने तोकिताने त्याच्या उजव्या कानामागचं हाड पुसलं, कागदी रुमालाने टिपलं आणि शर्टाच्या गुंडीएवढी चिकटपट्टी तिथे दाबून बसवली. मग डाव्या कानामागे तेच. हात गार आहेत म्हणून तिने दोन्ही वेळा माफी मागितली.

"मान हलवू नका, इसोबेसान. मळमळतंय का?"

"छे, अजिबात नाही."

मळमळत होतं. सकाळपासून पेजेशिवाय पोटात काही गेलं नव्हतं आणि तीही वर येऊ पाहत होती. समोरची भिंत सावकाश डावीकडे सरकायची, पुन्हा जागेवर यायची. सहा महिने पृथ्वीभोवती घिरट्या घालून इसोबे आदल्या दिवशी परक्या देशातल्या माळरानावर उतरला होता. कुपीतून त्याला चौघांनी उचलून बाहेर काढलं, खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर पांघरूण घातलं. कॅमेऱ्यांकडे बघून त्याने हात हलवला आणि दुसऱ्या क्षणी त्या पांघरुणावरच ओकला. तेवढा भाग टीव्हीवर कापला, असं बायकोने फोनवर सांगितलं. कापला असता तर तिला कळलं कुठून, असं त्याला वाटलं, पण विचारायचा धीर झाला नाही.

विमानातून मायदेशी, त्सुकुबाच्या अंतराळ केंद्रात आणेपर्यंत त्याला संडासाला जायलाही दोन माणसं लागली. दोघेही तरुण, दोघेही "काही हरकत नाही, काही हरकत नाही" म्हणणारे. आयुष्यात ज्याने कुणाला आपल्यासाठी साधी छत्री धरायला लावली नाही, त्याला त्या दोघांच्या खांद्यांवर हात टाकून लोंबकळताना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"दमलेल्या माणसाला त्रास देतेय," तोकिता म्हणाली. "पण हे आत्ताच व्हायला हवं. आठवडा-दहा दिवसांत शरीर आपलं आपण सावरतं. मग तोल जाणारा माणूसच उरत नाही, आम्ही मोजणार काय?"

ती चाळिशीला आलेली, बारीक अंगाची बाई होती. तिची आठ वर्षं या एकाच कामात गेली होती, हे इसोबेला ठाऊक होतं. उड्डाणाआधीच तिने त्याला सगळं समजावलं होतं. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो, तो वजन नसलेल्या जागी राहून सुस्तावतो. खाली आल्यावर वर कुठे आणि खाली कुठे हे त्याला पटकन उमगत नाही. म्हणून कानामागून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडायचा, झोपाळू मुलाला उठवताना गालाला बोट लावतात तेवढाच. तो अंगाला कळता कामा नये. कळला म्हणजे जास्त झाला, आणि जास्त झाला की कान जागा व्हायच्या ऐवजी बावचळतो. आधीच्या दोन अंतराळवीरांना या उपायाने चांगला गुण आला होता. इसोबे तिसरा. तिसऱ्यालाही गुण आला तर पुढच्या मोहिमांसाठी हे यंत्र घ्यायचं, नाही तर काम बंद करायचं, असं वरून ठरून आलं होतं.

"आता मी प्रवाह थोडा थोडा वाढवत जाईन. कानामागे पहिल्यांदा टोचल्यासारखं, मुंग्या आल्यासारखं वाटलं की लगेच सांगा. त्याच्या निम्म्यावर यंत्र लावायचं आहे."

"बरं."

तिने बटण जरासं फिरवलं. काही नाही. आणखी फिरवलं.

"ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

त्यांच्या भाषेत हा प्रश्न आणि त्याचं उत्तर एकाच शब्दात आहे, दाइजोबु. मोटारीखाली सापडलेल्या माणसालाही लोक धावत जाऊन तेच विचारतात आणि तोही रस्त्यावर पडल्या पडल्या तेच सांगतो.

तिसऱ्या वेळी त्याला टोचलं. अगदी बारीक, लोकरीचा स्वेटर मानेला लागावा तसं. इसोबेने तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात त्याला ते पांघरूण आठवलं. ते घडी करून घेऊन जाणारी परिचारिका आठवली. कालपासून ज्याला दहा माणसांनी उचललं, पुसलं, भरवलं, त्याने आता मुंगी चावल्याचीही तक्रार करायची? एवढं तरी आपण सोसू, असं त्याने ठरवलं.

"ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

बटण फिरत गेलं. मुंग्यांच्या सुया झाल्या, सुयांची दाभणं झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात इसोबे भिंतीकडे बघत राहिला. एकदा तोकिताचा हात थांबला. तिने पडद्यावरचा आकडा पाहिला, त्याच्या मानेकडे पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला.

"इसोबेसान, खरंच ठीक आहे ना?"

"अगदी ठीक आहे. माझी काळजी करू नका."

डोळ्यांत पाणी यायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "हां, आता जरासं काहीतरी जाणवतंय बहुतेक."

मग त्याच्या कमरेला पट्टा बांधून, पट्ट्याची दोरी छताला अडकवून, त्याला स्पंजाच्या जाड गादीवर उभं करण्यात आलं. पाय जोडून, डोळे मिटून. यंत्र बंद असताना तो बराच डुलला, पण उभा राहिला. यंत्र सुरू केल्याबरोबर त्याचे गुडघे भलतीकडेच गेले आणि तो खुंटीवरच्या कोटासारखा पट्ट्यात लोंबू लागला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लोंबता लोंबता तो "माफ करा" म्हणाला आणि खालून तोकिताही "माफ करा" म्हणाली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ती त्याच्या खोलीत आली. येताना लाल घेवड्याच्या गोड वड्यांचा डबा आणला होता. इसोबेची बायको माकिए खिडकीशी बसून सफरचंद सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली, दोघी बायका एकमेकींपुढे पुष्कळ वाकल्या, डबा हो-नाही करत घेतला गेला. तोकिता मात्र बसली नाही.

"तुमचे आभार मानायला आले," ती म्हणाली. "एवढ्या त्रासात तुम्ही आमच्यासाठी उभे राहिलात."

"उभा कुठे राहिलो," इसोबे हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "निकाल काय लागला?"

"गुण आला नाही. उलट तोल जास्त गेला." ती डब्याकडे बघत होती. "आधीच्या दोघांचं कदाचित योगायोगानेच जमलं असेल. ओनुकी सेन्सेई म्हणतात, मापं जे सांगतात ते मान्य करायचं. पुढच्या आठवड्यात समितीपुढे तसंच सांगतील."

ओनुकी सेन्सेई तिचे गुरू. सत्तरी ओलांडलेले, काठीच्या आधाराने चालणारे. हे यंत्र मुळात त्यांच्या डोक्यातून निघालेलं.

चूक यंत्राची नव्हती हे इसोबेला ठाऊक होतं. सांगायला हवं होतं, आत्ताच. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेला तो आधी उभा राहिला. ज्या बाईच्या आठ वर्षांवर आपण पाणी ओतलं तिला हे बसल्या जागेवरून कसं सांगणार? त्याने टाचा जुळवल्या, हात मांड्यांच्या कडेला लावले आणि कमरेतून वाकला. डोकं खाली जाताच जमीन उसळून वर आली. माकिएने धावत जाऊन त्याची कॉलर पकडली म्हणून कपाळ फुटलं नाही. तो मागे पलंगावर आदळला. दोन्ही पाय हवेत गेले, एक सपात उडून तोकिताच्या पुढ्यात पडली.

तोकिताने सपात उचलली, दोन्ही हातांनी पलंगाजवळ ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. ती काहीतरी ऐकायला थांबल्यासारखी वाटली.

"इसोबेसान, ठीक आहे ना?"

"ठीक आहे," तो छताकडे बघत म्हणाला.

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग दारात पुन्हा पुन्हा वाकत निघून गेली.

"काय सांगणार होतात तिला?" माकिएने विचारलं.

बायकोपासून लपवायची सोय नव्हती. त्याने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिच्या हातातलं सफरचंद पिवळं पडलं.

"हाक मारते तिला. अजून जिन्यातच असेल."

"नको! हाक मारून बोलवायचं आणि पलंगावर उताणं पडून माफी मागायची?"

"मग उद्या फोन करा."

"फोनवर? अशा गोष्टीची?"

"मग बसून मागा, अहो. आजारी माणसाला कोण काय म्हणतंय?"

"बसून मागितली की ती मागितल्यासारखी वाटत नाही, दिल्यासारखी वाटते."

"मग जमिनीवर गुडघे टेका आणि कपाळ लावा."

"नाटक होईल. ती बिचारी पळून जाईल." त्याने डोळे मिटले. "दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे. नीट उभा राहायला लागलो की स्वतः जातो. सरळ वाकेन, सरळ सांगेन. तोवर तू कुठे बोलू नकोस."

माकिएने पिवळं पडलेलं सफरचंद स्वतःच खाल्लं. "पुरुषांना माफी मागायलासुद्धा मुहूर्त लागतो," ती म्हणाली, पण तिनेही पुढे ताणलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून इसोबे झपाटल्यासारखा व्यायामाला लागला. त्याला चालायला शिकवणारा हामागुची ओसाकाचा होता, म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला. इतर अंतराळवीर धावायची घाई करतात, हे तो पाहून होता. हा माणूस मात्र आल्या आल्या म्हणाला, "मला वाकायला शिकवा."

"वाकायला? कुठे, दुकानात नोकरी धरताय?"

"पूर्ण खाली. आणि तिथे थांबायचं."

"म्हणजे माफीचं वाकणं." हामागुचीने त्याचा पट्टा मागून धरला. "काय लफडं केलंत अवकाशात? परग्रहावरच्या बाईला नादी लावलंत का?"

इसोबे हसला नाही. डोकं खाली गेलं की कानातलं सगळं पाणी एका बाजूला लवंडल्यासारखं व्हायचं आणि पाय आपोआप पुढे पडायचे. पडला की उठायचा, टाचा जुळवायचा, पुन्हा वाकायचा. हामागुची मागून बोलतच असायचा. "निवडणुकीत पडलेले उमेदवारसुद्धा इतकं वाकत नाहीत, इसोबेसान."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याचं झालं होतं. पांढरा कोट घातलेलं कुणीही दारात आलं की त्याला वाटायचं, कळलं. शाळेतल्या मुलांची शुभेच्छापत्रं आली, त्यांत एका मुलीने "तुम्ही खूप शूर आहात" असं लिहिलं होतं. ते त्याने उशीखाली सरकवलं आणि मग उशीवर डोकं ठेववेना. माफीचे शब्द मात्र रोज घासूनपुसून तयार होत होते. आधी हे म्हणायचं, मग थांबायचं, मग ते म्हणायचं. ते म्हणताना आपण कसे उभे असू हेही त्याला दिसायचं. समोर तोकिता दिसायची. तिचं यंत्र कधीच दिसलं नाही.

एक दिवस तो वाकला, थांबला आणि पडला नाही. हामागुचीने गुपचूप पट्टा सोडून दिला होता, तरी पडला नाही. लगोलग पुन्हा वाकून पाहिलं. पाय जमिनीत रोवल्यासारखे राहिले.

"वा!" हामागुचीने टाळ्या वाजवल्या. "आता खुशाल कुणाचीही माफी मागा. काल त्या ओनुकी सेन्सेईंना तुमच्यासारखं जमायला हवं होतं. बिचारे."

"त्यांचं काय?"

"ते कानात करंट सोडणारे हो. समितीने बंद केलं त्यांचं दुकान. म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर काठी बाजूला ठेवली आणि 'आमची पद्धत चुकली' म्हणून पार खालपर्यंत वाकला. परत वर येईना. शेवटी त्या तोकिताबाईने धरून उठवला म्हणे."

इसोबेने भिंतीचा आधार घेतला. तोल गेला होता म्हणून नाही.

"ठीक आहे ना?" हामागुचीने विचारलं.

तो कपडे बदलायला गेला.

माकिएने काळा सूट आणून दिला, टायची गाठ नीट केली, आणि मुहूर्ताचा विषय काढला नाही. प्रयोगशाळा त्याच आवारात, दोन इमारती पलीकडे होती. काठी न घेता, कुणाला बरोबर न घेता इसोबे तिथपर्यंत चालत गेला.

दार उघडंच होतं. स्पंजाची गादी गुंडाळून दोरीने बांधून ठेवली होती. छताची दोरी काढलेली होती. तोकिता स्टुलावर बसून एका खोक्याला चिकटपट्टी लावत होती. त्याला पाहताच ती उठली आणि तिचा चेहरा खरोखर उजळला.

"इसोबेसान! चालत आलात? एकटे? बसा, बसा."

"नको, उभाच राहतो. सेन्सेई..."

"सेन्सेई घरी आहेत. पाठ धरलीय त्यांची." तिने स्टूल त्याच्याकडे सरकवलं तरी तो बसला नाही. "मी एप्रिलपासून निइगाताला जातेय. नर्सिंगच्या कॉलेजात शिकवायला. तिकडे बर्फ फार, म्हणजे घसरून पडणारेही फार. अगदीच उपाशी राहायची नाही मी."

इसोबेने टाचा जुळवल्या. तयार करून ठेवलेले शब्द एकदम कुठे गेले कोण जाणे.

"त्या दिवशी टोचत होतं," तो म्हणाला. "तिसऱ्याच वेळेपासून. शेवटी शेवटी तर सहन होत नव्हतं. मी खोटं बोललो. तुमच्या यंत्रात काही चूक नाही. मला माफ करा."

आणि तो वाकला. पाठ सरळ, हात मांड्यांशी, मान पाठीच्या रेषेत. तिच्या बुटांची टोकं त्याला दिसत होती. बराच वेळ ती टोकं हलली नाहीत.

"मला कळलं होतं," तोकिता म्हणाली.

तो वाकलेलाच राहिला.

"तुमच्या मानेची शीर फुगली होती. एवढा प्रवाह न कळणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. पण तुम्ही एवढे मोठे. तुम्हाला खोटं कसं पाडू? म्हणून पुन्हा 'ठीक आहे ना' एवढंच विचारलं. त्याला कोण नाही म्हणतं? 'टोचतंय का' असं विचारायचं होतं. नाही विचारलं. चूक माझी आहे."

"नाही, माझीच."

"सेन्सेईंनाही सांगितलं नाही मी. कुठल्या तोंडाने सांगणार? ते सगळ्यांसमोर वाकले तेव्हा मी त्यांच्या मागे उभी होते. मीही वाकले. कशासाठी वाकतेय ते फक्त मलाच माहीत होतं." "तुमच्या खोलीत मी त्यासाठीच आले होते. वड्या देणं हे निमित्त. वाटलं, तुम्ही आपणहून सांगाल. तुम्ही उठलातसुद्धा. तेव्हा एवढंच म्हणाला असतात ना, की टोचत होतं, तर त्याच संध्याकाळी पुन्हा मोजलं असतं. तुमचा तोल जातच होता तेव्हा. पलंगावर पडल्या पडल्या सांगितलं असतंत तरी मला चाललं असतं."

हे इसोबेच्या मनात एकदाही आलं नव्हतं. मोजायचं ते आत्ताच मोजायला हवं, असं पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, तरी नाही. इतके दिवस तो माफीच घासत बसला होता.

"मला नीट वाकता येत नव्हतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "येईपर्यंत थांबलो."

तिचे बूट जवळ आले आणि सवयीने त्याच्या बाजूला गेले, माणसाचं डुलणं जिथून नीट दिसतं तिथे. तिथून ती त्याच्या टाचा बघत होती, गुडघे बघत होती, खांदे बघत होती.

"आता येतं," ती हळू आवाजात म्हणाली. "छान येतं. जरासुद्धा हलत नाही आहात."

मग ती म्हणाली, "डोकं वर करा, इसोबेसान."

त्याने केलं नाही. पाय जमिनीला घट्ट होते, कानात काही लवंडत नव्हतं, फरशीची रेघ होती तिथेच होती. निदान आता तरी तोल जावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. तो गेला नाही.